इनव्हरनेसच्या गल्ल्यावर दादरची घडी

डिसेंबरात इथे सूर्य नऊच्या सुमाराला उगवतो आणि दुपारी साडेतीनला मावळतो. माझी पाळी सकाळी सातला सुरू होते आणि सुटते तीही साडेतीनलाच. आठवड्यातले पाच दिवस मी ऊन पाहते ते दुकानाच्या काचेतून.

इनव्हरनेस हे स्कॉटलंडच्या उत्तरेकडचं गाव. २००० साली त्याला शहराचा दर्जा मिळाला, पण माझ्यासारख्या डोंबिवलीकरणीला ते गावच वाटतं. नेस नदीचा पूल ओलांडला की सुपरमार्केट. जॅकेट काढायचं, छातीवर नावाची पट्टी लावायची आणि थेट दुधाच्या रांगेत. निळ्या झाकणाचं दूध साईसकट, हिरव्याचं अर्धी साय काढलेलं, लाल म्हणजे बिनसाईचं. जुनी तारीख पुढे, नवी मागे. गिऱ्हाइकं मागे हात घालून नवीच बाटली ओढतात, रांग विस्कटते, ती पुन्हा सरळ करायची. फ्रिजमधून हात बाहेर काढला की बोटांना शुद्ध नसते.

नंतर गल्ला. पहिलं बिल झालं की मी मनात म्हणते, भवानी झाली. इतक्या वर्षांची सवय आहे, ती कशाला मोडू? स्कॉटलंडमध्ये दुकानातून दारू सकाळी १० ते रात्री १० एवढ्याच वेळात विकता येते. परवा एक गृहस्थ पावणेदहाला व्हिस्कीची बाटली घेऊन आले. मी घड्याळ दाखवलं. कुरकुर न करता ते बाजूला उभे राहिले आणि दहा वाजून गेल्यावर परत रांगेत आले. मला त्या माणसाचं कौतुक वाटलं.

दादरला मी अकरा वर्षं साड्यांच्या दुकानात होते. सकाळची लोकल, लेडीज डब्यात चौथी सीट मिळाली तर नशीब, मग पश्चिमेचा पूल, फुलांचा वास, आणि दहाला शटर वर. सोमवारी दादर बंद, म्हणून आमचा रविवार सोमवारी. दुकानात पांढऱ्या गाद्या अंथरलेल्या. गिऱ्हाइकाला आधी बसवायचं, पाणी द्यायचं, मग विचारायचं, "कुणासाठी बघताय ताई?" लग्नसराईत एकेका घरातली आजी, आई, मावशी, काकू अशा सहा-सात जणी यायच्या. आजी इरकलचा टोपपदर बोटांत धरून पोत बघायची, नवरी तिकडे पैठणीवर डोळे लावून बसलेली. तीस-चाळीस साड्या उलगडायच्या आणि "फिरून येतो हं" म्हणून सगळ्या उठायच्या. आमचे सर्वांत जुने सेल्समन काका म्हणायचे, "गिऱ्हाईक उठून गेलं तरी कपाळावर आठी नको. आज बघून जातं ते लग्नाला परत येतं."

मग घड्या. काठावर काठ आणायचा, मध्य हनुवटीखाली धरायचा, दोन्ही हातांनी खाली ताण द्यायचा, दुमडायची आणि तळहात फिरवून आतली हवा काढायची. पदर वर दिसलाच पाहिजे. पहिले सहा महिने काकांनी माझ्या घड्या मोडून परत घालायला लावल्या. त्याबद्दल मी त्यांची कायम ऋणी आहे.

इथे कुणी गिऱ्हाइकाला बसवत नाही. ज्याने त्याने उचलावं, पैसे द्यावे, जावं. तरी माणसं गल्ल्यावर रेंगाळतात, विशेषतः म्हातारी. एक बाई रोज अकराच्या सुमाराला चाकांची पिशवी ओढत येतात. मांजराच्या खाण्याचा एक डबा आणि वर्तमानपत्र, बस. बाजूला स्वतःचं स्वतः बिल करायची सहा यंत्रं रिकामी असली तरी त्या माझ्याच रांगेत उभ्या राहतात. मला 'डिअर' म्हणतात. इथल्या रिवाजाप्रमाणे मी त्यांना नावाने हाक मारायला हवी, पण ऐंशी वर्षांच्या बाईचं नाव माझ्या तोंडातून निघत नाही. मनात मी त्यांना आजीच म्हणते. त्या बोलताना सगळ्याच्या आधी 'वी' लावतात, म्हणजे छोटंसं. वी बॅग, वी मांजर, वी गप्पा. आपण 'एवढंसं' म्हणताना आवाजात जी माया येते, तीच.

गेल्या आठवड्यात त्या नाताळसाठी टेबलक्लॉथ घेऊन आल्या. टेबलाला पुरेल का, ते पाकिटावरच्या आकड्यांवरून त्यांना कळेना. मागे रांग नव्हती. मी पाकीट उघडलं, दोन टोकं धरली आणि कापड एका झटक्यात गल्ल्यावर पसरवलं. हात आपोआप दादरला गेले. "पाहा, ही लांबी, हा काठ," मी बोलत होते, आणि त्या लाल कापडावरून बोटं फिरवत होत्या. टेबलाबद्दल सांगितलं, त्यावर पूर्वी किती जण जेवायला बसत तेही सांगितलं. आता दोघंच, त्या आणि मांजर.

कापड मोठं होतं, त्यांनी घेतलं नाही. "उगाच तुला त्रास दिला," म्हणाल्या. मी काठावर काठ आणला, मध्य हनुवटीखाली धरला, हवा काढली आणि पाकिटात सरकवलं. त्या बघतच राहिल्या. मग डबा आणि वर्तमानपत्र पिशवीत टाकून म्हणाल्या, "उद्या येते, डिअर."

शिफ्ट संपल्यावर ते पाकीट मी त्याच्या जागी नेऊन ठेवलं, पट्टी पुढे करून. बाहेर अंधार पडायला लागला होता.