तुम्ही विचारलंत म्हणून: रेडिओत शिरायचं कुठून?

महिन्यातून एकदा तरी हा फोन येतो. कधी एस.वाय.ला असलेल्या मुलीचा, कधी तिच्या वडिलांचा. "आवाज चांगला आहे म्हणतात सगळे. रेडिओत नाहीतर पेपरात जायचंय. आधी कोर्स करायचा की आधी ओळख काढायची?" फोनवर मला याचं धड उत्तर देता येत नाही, कारण त्यासाठी माझ्या ळ-पासून सुरुवात करावी लागते.

मी रावेर तालुक्यातली. आमच्या घरी डोळ्याला डोया म्हणतात आणि केळीला केयी. आणि केळीवाचून तर आमचं पान हलत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन दरवर्षी माझ्याकडे असायचं. त्यामुळे पुण्याला बी.ए. करायला आले तेव्हा रेडिओवाले माझीच वाट बघत बसलेत, अशी माझी पक्की समजूत होती. आकाशवाणीच्या नैमित्तिक, म्हणजे लागतील तेव्हा बोलावल्या जाणाऱ्या उद्घोषकांच्या स्वरपरीक्षेला गेले. मध्ये काच, पलीकडे तीन माणसं; ती आपापसात बोलताना दिसतात, ऐकू येत नाहीत. त्या तीन मिनिटांत मी ळ इतका जपला की तो प्रत्येक शब्दात हातोडा मारल्यासारखा पडला. आणि जिकडे लक्षच नव्हतं तिकडे माती खाल्ली. उताऱ्यात 'जग' दोनदा होता, एकदा दुनिया आणि एकदा जगणं. लिहिताना एकच अक्षर, बोलताना दोन वेगळे ज. मी दोन्ही सारखेच दळले. नापास.

बाहेर पडताना तिथल्या एका ज्येष्ठ बाईंनी विचारलं, "रेडिओ ऐकतेस का गं?" मी हो म्हणाले. "काय ऐकतेस?" यावर माझ्याकडे गाणी सोडून काही नव्हतं. त्या म्हणाल्या, "सकाळी सातनंतरच्या प्रादेशिक बातम्या ऐक. पंधरा दिवस नुसत्या ऐक, मग लिहून काढ."

आमच्या आधीच्या पिढीला त्या बातम्या म्हटलं की सुधा नरवणे यांचा आवाज आठवतो. मी ऐकायला लागले तेव्हा आवाज दुसरे होते, पण मला तेव्हा कळली ती वाक्यं. पेपरातलं वाक्य पंचवीस शब्द पळून मग क्रियापदापाशी दम टाकतं. बातमीपत्रातलं वाक्य दहा-बारा शब्दांत घरी येतं. 'वरीलप्रमाणे', 'उपरोक्त' नाही, कारण ऐकणाऱ्याला वर बघायची सोय नाही. १,२४,८७,००० रुपये तिथे 'सुमारे सव्वा कोटी' होतात. आधी हुद्दा, मग नाव, म्हणजे कान सावध होईपर्यंत नाव निसटत नाही. दोन वह्या भरल्या. पत्रकारितेचा पहिला धडा माझ्या लेखी तोच, आणि तो फुकट होता.

त्यानंतर विद्यापीठाच्या 'विद्यावाणी'वर जायला लागले, १०७.४ एफएम. हा कम्युनिटी रेडिओ, म्हणजे आपल्या परिसरापुरतं छोटं केंद्र. भारतात कॉलेज-विद्यापीठांना कम्युनिटी रेडिओ काढायला २००२ साली परवानगी मिळाली, संस्था-संघटनांना २००६ मध्ये. साधारण शंभर वॉटची ताकद, म्हणजे काही किलोमीटरच्या पलीकडे ऐकू येत नाही. रावेरला आईला तर नाहीच नाही. चुका करायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. आणि ही सोय फक्त पुण्यालाच आहे असं नाही. साताऱ्यातल्या म्हसवडला 'माणदेशी तरंग' आहे, तीही कम्युनिटी रेडिओच.

दसऱ्याच्या आदल्या पहाटे मी गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेले, झेंडूच्या बाजाराचं रेकॉर्डिंग करायला. सौद्याचा आरडाओरडा, दर, भांडणं, सगळं भरून आणलं. हेडफोन न लावता. लेव्हल इतकी वर होती की सगळे आवाज फाटले. चाळीस मिनिटांतलं कामाचं निघालं ते शेवटचं दीड मिनिट: गर्दी ओसरल्यावर एक हमाल पोतं खाली टाकतो, 'हुश्श' म्हणतो, आणि कुणाला तरी सांगतो, "फुलं हलकी असतात म्हणणाऱ्याला इकडं पाठव." तेवढ्यावर मी चार मिनिटांचा कार्यक्रम उभा केला. (हेडफोन तेव्हापासून गळ्यातच असतो. लग्नाच्या एका फोटोतही आहे.)

तोच मजकूर लिहून एका दैनिकाच्या पुरवणीला दिला. चारशे शब्दांचे एकशे वीस झाले, पण हमालाचं वाक्य राहिलं. उपसंपादकांनी पुढच्या आठवड्यात एजन्सीच्या इंग्रजी बातम्या मराठीत करायला बसवलं. कंटाळवाणं काम. पण डेस्कवर बसलेल्या पोराला कुणी विसरत नाही, आणि ओळख म्हणतात ती बहुधा अशीच निघते.

एक गोष्ट मात्र कोर्सवाले शेवटी सांगतात, ती आधी ऐका. आपल्याकडे खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. २०११ च्या धोरणाने आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावायची मुभा दिली, तेवढीच. कम्युनिटी रेडिओलाही बातम्यांची मोकळीक नाही. म्हणून आरजे होणं आणि रेडिओवर पत्रकारिता करणं या दोन वेगळ्या वाटा आहेत. बातमीच करायची असेल तर आकाशवाणी, पेपर, वेब किंवा स्वतःचा पॉडकास्ट. हसवायचं, गप्पा मारायच्या असतील तर खासगी एफएम, आणि त्यात कमीपणा काही नाही. आकाशवाणीच्या नैमित्तिक कामावर पोट भरेल असंही समजू नका. महिन्याला साधारण सहा ड्यूट्या, प्रत्येकीचं मानधन. माझं मेसचं बिल त्यात निघायचं, खोलीभाडं नाही.

कोर्स? करा. आमच्या पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग, फर्ग्युसन रस्त्यावर, आणि तिथल्या वर्गाइतकंच तिथल्या कट्ट्यावर शिकायला मिळतं. पण प्रवेश मिळेपर्यंत थांबू नका. आणि आवाजाचं म्हणाल, तर स्वरपरीक्षेला येणाऱ्या बहुतेकांचा आवाज चांगलाच असतो.

दुसऱ्या खेपेला मी पास झाले. त्या रात्री घरी फोन केला. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आता आमच्याशीबी असंच बोलशील का?" मी म्हटलं, नाही, घरी डोया तो डोयाच.

तर मुलीला सांगा, उद्या सकाळी सातनंतर बातम्या लावायला. घरात रेडिओ नसेल तर आकाशवाणीचं 'न्यूज ऑन एअर' अ‍ॅप आहे. वही-पेन जवळ ठेवू दे. पंधरा दिवसांनी वही घेऊन मला फोन करू दे, साडेसातनंतर. त्याआधी मी ऐकत असते.