दहापैकी आठ दुखतंय, मग जिन्याचं कशाला विचारता?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. मूल स्वतः सांगतंय की पोट दहापैकी आठ दुखतं. तरी आमच्या फॉर्मवर जिना चढता येतो का, टीव्ही बघवतो का, रात्री झोप लागते का, हे पंधरा प्रश्न कशासाठी, असं तुम्ही पालक विचारता. त्यामागचा न विचारलेला प्रश्नही कळतो बरं का: आमचं मूल नाटक करतंय असं वाटतंय का तुम्हाला?

नाही. आठ म्हणजे आठच. पण तीन महिन्यांहून अधिक टिकलेल्या दुखण्यात त्या आठवरून दिवस कसा जातो ते कळत नाही. आठ सांगणारी एखादी मुलगी शाळा, खेळ, अभ्यास सगळं रेटते आणि चार सांगणारा मुलगा अंथरुण सोडत नाही. नुसत्या आकड्यावर गेलं, तर जास्त मदत नेमकी चुकीच्या मुलाला मिळेल.

म्हणून ही यादी: वॉकर आणि ग्रीन या संशोधकांची १९९१ सालची फंक्शनल डिसॅबिलिटी इन्व्हेंटरी, म्हणजे दुखण्यामुळे मुलाच्या रोजच्या कामांत किती अडथळा येतो ते मोजणारी प्रश्नावली. प्रत्येक प्रश्नाला ० ते ४ गुण, ० म्हणजे त्रास नाही, ४ म्हणजे अशक्य. बेरीज जास्तीत जास्त ६०. १२ पर्यंत अडथळा नगण्य, १३ ते २९ मध्यम, ३० पासून पुढे तीव्र.

गोची होते ती फॉर्म भरताना. नमुन्यादाखल तेरा वर्षांच्या मुलीचा फॉर्म घ्या. बेरीज ११, म्हणजे नगण्य. पण ही मुलगी तीन आठवडे शाळेत गेलेली नाही! ओळीओळीने बघायला लागलं की ‘दिवसभर शाळेत थांबणं’ समोर ० दिसतो. का? ‘गेलेच नाही, मग त्रास कसा होणार?’ धावण्यापुढेही ०, कारण खेळाच्या तासाला सूट. मैत्रिणीबरोबर काही करण्यापुढेही ०, कारण कोणी बोलावतच नाही. उत्तरं तिच्या परीने अगदी सरळ आहेत. पण प्रश्न ‘केलंस का’ असा नसतोच. गेल्या काही दिवसांत हे करायला गेली असतीस तर त्रास झाला असता का, असा असतो. तसं नीट विचारलं की शाळेला ४, धावण्याला ४, मैत्रिणीला ३. बेरीज २२. मूल तेच, दुखणं तेच, पण उपचाराची दिशा बदलली. म्हणून फॉर्म हातात आला की मी आधी शून्यं बघते, बेरीज नंतर.

पालकही मुलाबद्दल हाच फॉर्म भरतात. याच मुलीच्या आईच्या फॉर्मवर ३४ असू शकतात. दोघींनी शेजारी बसून भरला तर आकडे संशयास्पद जुळतात, म्हणून वेगवेगळं बसवायचं. न जुळल्यास मुलीचं खरं, असं मी पूर्वी ठणकावून सांगायचे. आता तेवढं ठामपणे म्हणवत नाही. आई रात्रीची तळमळ बघते, मुलगी शाळेतला पाचवा तास बघते. सरासरी काढणं मात्र साफ चूक. फरक कुठल्या ओळीत पडला ते वाचायचं.

यादी परिपूर्ण आहे असं माझं म्हणणं नाही. सौम्य त्रासाची मुलं तळाशीच गोळा होतात आणि २९ व ३० मधल्या भिंतीवर माझा फारसा विश्वास नाही. अर्धशिशीसाठी तर वेगळंच माप लागतं. पेडमिडास या मुलांच्या अर्धशिशीच्या प्रश्नावलीतले सहा प्रश्न गेल्या तीन महिन्यांतले बुडालेले दिवस मोजतात, कारण ते दुखणं येऊन-जाऊन असतं.

‘उपचार सुरू होऊन दोन महिने झाले, दुखणं अजून आठच आहे,’ ही तक्रार ठरलेली. तेव्हा जुना फॉर्म काढा. बऱ्याच मुलांत हिंडणंफिरणं, शाळा आधी सुधारतं आणि दुखणं मागाहून उतरतं. फायब्रोमायॅल्जियाच्या, म्हणजे अंगभर दीर्घकाळ दुखत राहण्याच्या आजाराच्या, किशोरवयीन मुलांत या यादीवर साधारण ८ गुणांची घट अर्थपूर्ण मानली जाते. एकदोन गुणांनी हुरळू नका, खचूही नका. आणि सुट्टीत भरलेला फॉर्म परीक्षेच्या आठवड्यातल्या फॉर्मशी ताडू नका.