तुम्ही विचारलंत म्हणून: घरच्या रेड वाइनची द्राक्षं

घरी वाइन करतो, हे एकदा चारचौघांत फुटलं की दोन तऱ्हेची माणसं जवळ येतात. पहिल्यांना बाटली हवी असते, त्यांचं काम सोपं. दुसरी जरा बाजूला घेतात आणि आवाज खाली आणून विचारतात, “रेड करायची म्हणतोय. द्राक्षं एकदम उत्तम हवीत, पैशाचं बघू. कॅबरने घेऊ की शिराझ?”

हे मला इतक्यांदा विचारून झालंय की आता उत्तर लिहूनच ठेवतो. तोंडी सांगतो तेव्हा समोरच्याचा हिरमोड होतो, कारण वाणाचं नाव घ्यायच्या आधी मीच विचारतो, “खुडणार कधी? आणि खुडल्यापासून किती तासांत तुमच्या हातात येणार?” त्यांना वाटतं, हा टाळतोय.

पहिल्या वर्षी मीही वाणच विचारला होता. विकणाऱ्याने कॅबरने सॉव्हिन्यॉन सांगितलं. खोक्यांवर एका नामांकित द्राक्षप्रदेशाचं नाव छापलेलं, आणि वरचा थर असा की बघत राहावं: बारीक, काळेभोर, घट्ट मणी, त्यावर ती पांढुरकी झाक. सहा खोकी, साधारण शंभर किलो. घरी येऊन पहिलं खोकं उचललं तर बूड चिकट. खालच्या थरातले मणी वरच्या वजनाने फुटले होते, रस साचला होता, त्यावर चिलटं घोंगावत होती आणि वास येत होता नेलपॉलिशचा. मी स्वतःची समजूत घातली की खालचं तेवढं काढून टाकू, उरलेलं तर चांगलंच आहे. तीन तास निवडत बसलो. पाच महिन्यांनी जे तयार झालं त्याने नळाची तोटी घासली असती तर लख्ख निघाली असती.

तो वास इथाइल ॲसिटेटचा. मणी फुटला की सालीवरचं रानटी यीस्ट आणि व्हिनेगर करणारे जिवाणू ताबडतोब रसात उतरतात, आणि चिलटं त्यांना एका घडावरून दुसऱ्यावर पोचवतात. उष्णता जितकी जास्त तितका हा कारभार वेगात. म्हणून वाइनरीवाले पुष्कळदा रात्री किंवा पहाटे खुडतात आणि हाताने खुडलेली चांगली द्राक्षं उथळ क्रेटमध्ये ठेवतात. माझी खोकी उथळ नव्हती आणि किती दिवस कुठे उभी होती, हे मी विचारलंच नव्हतं.

यामागे द्राक्षाचा एक स्वभाव आहे, तो लक्षात आला की बाकीचं आपोआप समजतं. केळं हिरवं आणून घरी पिकवता येतं, कारण त्यात स्टार्चचा साठा असतो, त्याची साखर होत राहते. द्राक्षात असा साठा नाही. वेलीवरून तुटलं त्या क्षणी त्याचं पिकणं थांबलं. नंतर साखरेचा आकडा वाढलेला दिसला तर ते फक्त पाणी उडालेलं असतं. म्हणजे कात्री लागण्याआधीची वेळ चुकली तर कच्चेपणा कायमचा, आणि कात्री लागल्यानंतरची वेळ दवडली तर नासाडी. या दोन वेळा सांभाळल्या असतील तर साध्या बागेतलं शिराझ पुरतं. नसतील तर खोक्यावर कुठल्या दरीचं नाव आहे याला काही अर्थ नाही. नाव काही आंबत नाही.

पहिली वेळ ओळखायची कशी? मण्यात पाणी उतरलं, म्हणजे कडक हिरवा मणी मऊ पडून रंग धरू लागला, की साखर चढायला लागते आणि आम्लता उतरायला. सगळे साखरच मोजतात, कारण ती मोजायला सोपी. रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर दोन थेंब टाकले की ब्रिक्स दिसतो. एक अंश ब्रिक्स म्हणजे शंभर ग्रॅम रसात एक ग्रॅम साखर. ब्रिक्सला 0.55 ते 0.6 ने गुणलं की अल्कोहोलचा अंदाज येतो, म्हणजे 24 ब्रिक्सला साधारण साडेतेरा-चौदा टक्के. रेडसाठी मी 24 ते 25 बघतो. 27 च्या वर गेलं की यीस्ट दमतं, आणि अर्धवट गोड राहिलेल्या रसाइतकं घरी निस्तरायला अवघड दुसरं काही नाही.

पण साखर आणि बी एका वेगाने पिकत नाहीत. उष्ण वर्षी साखर पुढे पळते आणि बी हिरवं राहतं. म्हणून यंत्र खिशात ठेवून मणी तोंडात टाका. गर गिळा, बी बोटावर घ्या. हिरवट, गराला चिकटलेलं असेल तर थांबा. तपकिरी असेल, दाताखाली भाजलेल्या दाण्यासारखं कुडकुडत असेल, तर झालं. मग साल नीट चावा. पिकलेली साल चावून संपते, कच्ची तोंडात चोथा होऊन राहते आणि जीभ कोरडी पाडते. आणि मणी एकाच घडातला घेऊ नका. माणसाचा हात उन्हाच्या बाजूच्या, डोळ्यांसमोरच्या, सगळ्यात गोड घडाकडेच जातो. वेगवेगळ्या वेलींवरून, घडाच्या वरून-खालून, सावलीतून मिळून शंभरेक मणी गोळा करा, पिशवीत चिरडा, त्या रसाचा आकडा धरा.

बागायतदाराला ब्रिक्सबरोबर पीएचही विचारा, म्हणजे रस किती आंबट त्याचा आकडा; तो जितका कमी तितका रस जास्त आंबट. रेडला 3.4 ते 3.6 असला की निभावतं. हा आकडा लोक सोडून देतात आणि नंतर पस्तावतात. पीएच 3.8 असेल तर 3.4 ला जेवढं सल्फाइट, म्हणजे वाइन नासू नये म्हणून घालायचं द्रव्य, पुरतं त्याच्या दुपटीहून जास्त लागतं, तेव्हा कुठे तेवढंच संरक्षण मिळतं. टार्टारिक ॲसिड घालून पीएच खाली आणता येतो, त्यात कमीपणा नाही, मोठमोठे आणतात. पण विकत घेताना माहीत असलेलं बरं.

इथे नेहमी कोणीतरी मध्येच विचारतं, “मग खायची काळी द्राक्षं का नकोत? ती ताजी मिळतात की!” मिळतात, पण ती वेगळ्या कामासाठी वाढवलेली असतात. मोठा मणी, पातळ साल, बी नाही, साखर सोळा-अठराच्या आसपास. रेड वाइनचा रंग आणि टॅनिन, म्हणजे जीभ कोरडी करणारा तुरटपणा, सालीत असतं, काही टॅनिन बियांतून येतं. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस पिळला तर तो जवळपास पांढराच निघतो. कॅबरनेचा मणी एक ग्रॅमच्या आसपास, खायच्या द्राक्षाचा पाच ग्रॅम किंवा त्याहून मोठा. मणी जितका बारीक तितकी रसाच्या मानाने साल जास्त, सगळं गणित एवढंच. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार!

“बहुतेक” म्हटलं, कारण अपवाद आहे आणि मला तो फार आवडतो. आलिकांते बूशे. आंरी बूशे या फ्रेंच माणसाने 1866 मध्ये संकरातून काढलेला हा वाण; याचा गरही लालभडक. अमेरिकेत 1920 ते 1933 दारूबंदी होती, पण घरी फळांचा रस काढायला कायद्यात फट राहिली होती. लोकांनी रेल्वेचे डबेच्या डबे भरून कॅलिफोर्नियातून पूर्वेकडच्या शहरांत द्राक्षं मागवली, आणि सगळ्यात जास्त उठाव कशाला, तर आलिकांतेला. जाड सालीमुळे तो लांबचा प्रवास सोसायचा, आणि रंग इतका की चोथ्यात साखर-पाणी घालून पुन्हा पिळला तरी लालच. बागायतदारांनी चांगल्या वाणांच्या जागी तो लावला. चव फारशी नाही, पण पोचायचा धड. घरच्या वाइनवाल्याची आणि अंतराची भांडणं तेव्हापासूनची आहेत.

बरं, वाण. एवढं ऐकून घेतलंत तर तेही सांगतो.

कॅबरने सॉव्हिन्यॉन जाड सालीचा, बारीक मण्यांचा, प्रवासाला दणकट. 1997 मध्ये डीएनए तपासून कळलं की तो कॅबरने फ्रँक आणि सॉव्हिन्यॉन ब्लाँ यांचा संकर. या तिघांत कच्चेपणी एक समान खोड असते: ढोबळ्या मिरचीचा वास. मिरचीत जो पायराझिन असतो तोच यांच्यातही असतो आणि ऊन लागून पिकताना कमी होतो. कॅबरने पिकायला उशीर लावतो, त्यामुळे घाईने खुडलेला घेतलात तर दोन वर्षं बाटलीत ठेवूनही मिरची जात नाही. माझ्याकडे अशा अकरा बाटल्या आहेत.

शिराझ आणि सिरा एकच. पहिल्यांदा करणाऱ्याला मी हेच सुचवतो. रंग सहज देतं, बारीकसारीक चुका पोटात घालतं. त्यातल्या मिरपुडीच्या वासामागचं रोटंडोन हे द्रव्य 2008 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ओळखलं, तेच काळ्या मिरीतही असतं. मेर्लो मऊ, लवकर पिकणारं, बरं आहे. पिनो न्वारच्या वाटेला सुरुवातीला जाऊ नका. पातळ साल, मोटारीत हलवलं तरी रुसतं.

झिनफँडेलचं मात्र वेगळं सांगायला हवं, कारण त्यात मी स्वतः फसलो. त्याचा घड एकसारखा पिकत नाही. एकाच घडात हिरवे मणी, पिकलेले मणी आणि सुकून मनुका झालेले मणी. चिरडल्यावर मोजलं तर 24 ब्रिक्स. खूश होऊन झोपलो. मनुका रात्रभर रसात भिजल्या, साखर सोडत बसल्या, आणि दुसऱ्या दिवशी आकडा 27. झिन घेतलंत तर एक दिवस थांबून, ढवळून, पुन्हा मोजा आणि मगच यीस्ट टाका.

बाग बघायला जाणं शक्य असेल तर जाच. वेलीवर भुरी आहे का बघा. मण्यावर राखाडी भुकटी आणि बुरशीचा वास असला की परत फिरा. आजूबाजूला त्या हंगामात वणवा लागला होता का, हेही विचारा. धुराची द्रव्यं सालीतून आत जाऊन साखरेला बांधली जातात, त्यामुळे मणी खाताना पत्ता लागेलच असं नाही. आंबवताना ती सुटतात आणि वाइनला विझलेल्या राखेची चव येते. 2020 च्या वणव्यांनंतर कॅलिफोर्नियात कितीतरी द्राक्षं वेलीवरच सोडून द्यावी लागली. शंका असेल तर दोन-तीन किलो आधी आणून बरणीत आंबवून बघतात, तेवढा वेळ बागायतदार देणार असेल तर.

बाग लांब असेल तर? गोठवलेली द्राक्षं घ्या. हे मी पूर्वी नाक मुरडून ऐकायचो. खुडल्याबरोबर देठ काढून, चिरडून, सल्फाइट घालून सालीसकट बादलीत गोठवलेली मिळतात. घड्याळ तिथेच थांबवलेलं असतं. शिवाय गोठताना सालीच्या पेशी फुटतात, त्यामुळे रंग लवकर उतरतो. वितळायला दोन-तीन दिवस द्या आणि रस 20 अंशांच्या वर आल्याशिवाय यीस्ट घालू नका. फक्त नुसत्या रसाची बादली गळ्यात मारून घेऊ नका. साल नाही तर रेड नाही.

किती घ्यायची? शंभर किलोतून शेवटी साठ-पासष्ट लिटर, म्हणजे ऐंशी-पंच्याऐंशी बाटल्या. दहा किलोची हौस करू नका. एवढ्याशा वाइनचा हवेशी संबंधच जास्त येतो आणि ती टिकत नाही. पन्नास किलो हा माझ्या मते खालचा आकडा. कायद्याचंही आधी बघून घ्या, घरी किती करता येते आणि परवाना लागतो का, हे जागोजागी वेगळं असतं.

मग द्राक्षं यायच्या आधी घर तयार हवं. शंभर किलोला खाद्यपदार्थांसाठीचं दीडशे लिटरचं पिंप, कारण आंबायला लागलं की साली फुगून वर येतात आणि त्यांना दिवसातून दोन-तीनदा खाली दाबावं लागतं. पोटॅशियम मेटाबायसल्फाइट (हेच ते सल्फाइट) शंभर लिटरला साधारण नऊ ग्रॅम, ते मोजायला बारीक काटा. यीस्ट, यीस्टचं खाद्य, दाबयंत्राची सोय. खोलीला खिडकी पाहिजेच आणि पिंप घट्ट बंद करायचं नाही. कार्बन डायऑक्साइड भरलेल्या बंद खोलीत माणसं दगावली आहेत. आणि ज्या दिवशी द्राक्षं येतील त्या दिवशी तुम्ही मोकळे हवेत. “शनिवारी बघू” चालत नाही. पाऊस शुक्रवारी येणार असेल तर बागायतदाराचा फोन गुरुवारी रात्री येतो आणि शुक्रवारी पहाटे पाचला तुम्ही क्रेट उचलत असता.

परवाच एकाने विचारलं, कॅबरने की शिराझ. एका द्राक्षबागेशी बोलणं झालं होतं, आगाऊ पैसे देऊन ठेवले होते, खुडणीला नऊ दिवस होते. मी म्हटलं, शिराझ. आणि पिंप किती लिटरचं घेतलंत?

तो म्हणाला, “पिंप?”