चापडगावचं तपकिरी बदक: कुशीवरच्या पांढऱ्याचा उलगडा

सुटलं एकदाचं! तीन रविवार छळणारं ते बदक आज ओळखलं. मागच्या नोंदीतला धूसर फोटो आठवत असेल: छोट्या लालसरी बदकांच्या थव्यात एकच गडद पक्षी, शेपटीखाली पांढरा आणि कुशीवरही पांढरा पट्टा. सगळा घोळ त्या पट्ट्यानं घातला. नयनसरी (फेरुजिनस डक, तपकिरी बदकच) म्हणावी, तर पाण्यावर नीट बसलेल्या नयनसरीची कूस तपकिरी दिसते. पांढरं वर चढतं ते बेअरच्या पोचार्ड या तिच्यासारख्याच दिसणाऱ्या बदकाच्या कुशीवर, आणि तो 2012पासून अतिसंकटग्रस्त आहे. नांदूर मध्यमेश्वर अभयारण्यात, आपल्या चापडगावला बेअर! आठवडाभर दुसरं काही सुचत नव्हतं.

आज साडेसहालाच तिथल्या पक्षी पाहायच्या मनोऱ्यावर चढलो. निफाडची थंडी, पाण्यावर धुकं, आठपर्यंत नुसते वारकरी पक्ष्यांचे आवाज. धुकं विरलं तसे थापटे बदक दिसले, मग तलवार बदकं, मग लालसरी. आपलं बदक सापडलं पावणेनऊला, आणि तेही पाठीत चोच खुपसून झोपलेलं.

तासभर ते हललंच नाही. स्कोप (दुर्बीण) तीसपटीच्या पुढे नेलाच नाही, कारण ऊन तापू लागलं की साठपटीवर पाण्यावरची वाफ तेवढी मोठी दिसते. फोन बसवायला मागवलेला अडॅप्टर सैलच आला, त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. आता बोट लागलं तरी हलत नाही.

दहाच्या सुमारास ते जागं झालं आणि पिसं साफ करायला एका अंगावर कललं. कललं तसं पोटाचं पांढरं कुशीवर आलं, अगदी फोटोतल्यासारखा पट्टा! सरळ झालं, कूस पुन्हा तपकिरी. चार वेळा पाहिलं, चारही वेळा तेच. तिथेच कॅमेऱ्यातली जुनी मालिका उघडली. मी टाकलेल्या फोटोच्या आधीच्या दोन फ्रेममध्ये मान पाठीकडे वळलेली होती, म्हणजे तेव्हाही ते पिसंच साफ करत होतं.

मग बाकीची लक्षणं भराभर जुळली. माथा मध्यावर उंच, बेअरसारखा गोलसर नाही. डोळा गडद तपकिरी, म्हणजे नयनसरीची मादी. ज्या पांढऱ्या डोळ्यामुळे नयनसरी हे नाव पडलं, तो नराचा. शेंडी बदकाच्या काही माद्यांनाही शेपटीखाली पांढरं असतं, पण त्यांचा डोळा पिवळा. लालसरीशी संकर असेल ही शेवटची शंका होती. तीही तिनं पंख फडफडवले तेव्हा गेली: पंखावरची पट्टी थेट टोकाकडच्या पिसांपर्यंत स्वच्छ पांढरी, लालसरीचा करडेपणा कुठेही नाही.

बेअर हुकला याची हळहळ आहेच. पण ती पंख फडफडवतानाचे ते दोन सेकंद व्हिडिओत पकडले गेलेत आणि मी ते परत परत पाहतोय.

पुढच्या रविवारी गंगापूर धरणावर जायचं ठरवलं होतं. हे लिहिताना मात्र दुसरंच डोक्यात आलं: गेल्या हिवाळ्यातही 'पांढऱ्या कुशीची नयनसरी?' असं लिहून मी दोन फोटो बाजूला ठेवले होते. गंगापूर राहू दे, आधी त्यांच्या अख्ख्या मालिका उघडतो. आणि यापुढे बुडी मारणाऱ्या तपकिरी बदकांचा फोटो नाही, निदान पाच मिनिटांचा व्हिडिओ. तुमच्याकडे असे अडकलेले फोटो असतील तर आधीच्या-नंतरच्या फ्रेमसकट पाठवा, एकत्र बसून पाहू.