आवाज एक, दुखणी दोन

जूनअखेर

गाडी तीच, जुनी पेट्रोल हॅचबॅक. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना, पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेला खांब), मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा आडवा दांडा) आणि ड्रम ब्रेक, टायर १६५/८० आर१४. ताशी चाळीसच्या पुढे घरघर सुरू होते आणि सत्तरला मागच्या सीटवरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. गॅरेजवाल्याने एक चक्कर मारून निकाल दिला, "साहेब, बेअरिंग गेलंय. चारही टाकून घ्या, कटकट जाईल." त्याच आठवड्यात हवा भरताना मागच्या टायरच्या आतल्या कडेवर हात गेला आणि बोटांना धार लागली. बेअरिंगमुळे रबर असं झिजत नाही. त्यामुळे पैसे काढायच्या आधी आवाजाची नीट फोड करायची ठरवली.

पहिली चाचणी सगळ्यांना माहीत असलेली. सपाट, मोकळ्या रस्त्यावर ताशी साठला गाडी न्यूट्रल केली. इंजिन चालूच ठेवायचं, नाहीतर पॉवर स्टिअरिंग आणि ब्रेकचा बूस्टर दोन्ही जातात. आवाज तसूभर बदलला नाही, म्हणजे इंजिन सुटलं. चौथ्या आणि पाचव्या गिअरमध्ये त्याच वेगाला सूर तोच राहिला. डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाची ताकद दोन्ही चाकांत वाटणारे गिअर, मात्र या चाचणीत सुटत नाही, कारण ते न्यूट्रलमध्येही चाकांबरोबर फिरत असतं. हे बरेच जण विसरतात.

दुसरी चाचणी रस्त्याची. काँक्रीटवरून डांबरावर गाडी गेली की टायरचा आवाज बदलतो, बेअरिंगचा नाही. द्रुतगती मार्गावर आणि मग जुन्या महामार्गावर गाडी नेली. वरचा किणकिणता, चिरका सूर डांबरावर स्पष्ट उतरला, खालची गुरगुर होती तशीच राहिली. एवढा वेळ एकच समजत होतो तो आवाज दोन आवाजांचा निघाला.

पुतण्याला मोबाइल घेऊन मागे बसवलं, त्यात ध्वनीचा आलेख काढणारं ॲप. "काका, इकडे जास्त वाजतंय," हे त्याने आलेख उघडायच्या आधीच सांगितलं. आलेखात दोन उंचवटे होते: एक दोनशे हर्ट्झच्या खाली पसरलेला, दुसरा सहाशेच्या आसपास टोकदार. या टायरचा परीघ १.९५ मीटरच्या जवळपास भरतो, म्हणजे ताशी साठला चाक सेकंदाला साडेआठ-पावणेनऊ फेरे घेतं. ट्रेडचे, म्हणजे टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीचे, ठोकळे मोजले तर एका फेऱ्यात सत्तरच्या आसपास भरले. गुणाकार करा, सहाशेच येतात. म्हणजे वरचा सूर ठोकळे एकामागून एक रस्त्यावर आपटण्याचा. खालची गुरगुर त्या हिशोबात कुठेच बसत नव्हती.

जुलै

आधी गुरगुर. कात्रजच्या जुन्या घाटातून उतरताना, म्हणजे इंजिनावर भार नसताना, प्रत्येक डाव्या वळणाला ती वाढायची आणि उजव्या वळणाला दबायची. डाव्या वळणात वजन उजव्या चाकांवर जातं, म्हणून संशय ड्रायव्हर साइडवर. या खुणेवर मी पूर्ण विश्वास ठेवत नाही. हबमधलं (चाक ज्यावर बसतं त्या तुंब्यातलं) बेअरिंग गोळ्यांच्या दोन ओळींचं असतं आणि कुठली ओळ खराब आहे त्यावर ते कधीकधी उलटंही वागतं.

गाडी जॅकवर घेऊन स्टँड लावले. चाक वर-खाली धरून हलवलं, प्ले (ढिलेपणा) नाही. डावी-उजवीकडे धरून हलवलं, तिथेही नाही, म्हणजे टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा चाकाजवळचा सांधा) ठीक. इथे "प्ले नाही, म्हणजे बेअरिंग चांगलं" असं म्हणून बरेच जण थांबतात. प्ले शेवटी येतो, खरखर त्याच्या कितीतरी आधी. एक हात स्ट्रटच्या स्प्रिंगवर ठेवा आणि दुसऱ्याने चाक सावकाश फिरवा. ड्रायव्हर साइडला पुढे स्प्रिंगमधून बारीक वाळू दळल्यासारखी थरथर हाताला आली, क्लीनर साइडला, म्हणजे डावीकडे, काही नाही. कानापेक्षा ही चाचणी मला जास्त भरवशाची वाटते. मागची दोन्ही चाकंही अशीच फिरवून पाहिली, गुळगुळीत. चारही बेअरिंगं टाकायचा खर्च तिथेच वाचला.

नकल (बेअरिंग आणि हब धरणारा ओतीव भाग) घरीच उतरवला आणि बेअरिंग दाबून बसवायचं प्रेसचं काम बाहेरून करून आणलं. हातोडीने बेअरिंग बसवणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार. नकलमध्ये बेअरिंग दाबताना जोर फक्त बाहेरच्या रेसवर (बेअरिंगच्या कडीवर) यायला हवा, हब दाबताना आतल्या रेसला खालून आधार हवा. हे चुकलं तर जोर गोळ्यांमधून जातो आणि नवं बेअरिंग काही महिन्यांत वाजायला लागतं. जुनी आतली रेस हबवर अडकून राहिली होती, ती ग्राइंडरने तिरकी अर्धवट कापून छिन्नीने फोडली, हबला चरा न पाडता. गाडीला एबीएस (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आहे, त्यामुळे बेअरिंगची चुंबकी कड तिच्या सेन्सरच्या बाजूलाच आली पाहिजे. टाचणी जवळ नेली की कळतं. ॲक्सलचा नट नवीन घातला आणि तो मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळल्याशिवाय चाक जमिनीवर टेकू दिलं नाही.

गुरगुर गेली. आलेखातला खालचा उंचवटा सपाट झाला, सहाशेचा जागच्या जागी.

गणपतीनंतर

पावसात स्टँडखाली झोपायचा उत्साह नव्हता, म्हणून मध्ये खंड. मागचे टायर पुढे आणि पुढचे मागे केले. चिरका सूर टायरांबरोबर पुढे आला, म्हणजे टायर नक्की. ट्रेडची खोली मापून घेतली. क्लीनर साइडचा आधी मागे असलेला टायर: आतली कड २.४ मिमी, मध्य ४.४, बाहेरची ५.०. ड्रायव्हर साइडचा: ३.७, ४.५, ४.९. हवेचा दोष असता तर मध्य किंवा दोन्ही कडा सारख्या गेल्या असत्या. कायद्याची मर्यादा १.६ मिमी आहे हे खरं, पण २.४ वर साचलेल्या पाण्यातून जायला माझी तयारी नाही.

दोन्ही टायरांवर हात बाहेरून आत फिरवला की ठोकळ्यांच्या कडा टोचायच्या, आतून बाहेर फिरवला की गुळगुळीत. ही टो-आउटची, म्हणजे चाकाचा पुढचा भाग बाहेर वळल्याची खूण. टो-इन (आत वळलेला) असता तर उलट लागलं असतं.

आता जुने अलाइनमेंटचे (मशीनवर चाकांचे कोन तपासल्याचे) कागद काढले. मागच्या डाव्या चाकाचा आकडा प्रत्येक कागदावर लाल. दर वेळी मला सांगितलं गेलं होतं की मागचं ॲडजस्ट होत नाही, दादा. ते खरंच आहे, टॉर्शन बीमला मागे फिरवायला काही नसतं. पण ॲडजस्ट होत नसेल तर लाल आकडा म्हणजे काहीतरी वाकलंय, असा त्याचा अर्थ होतो. तो मोठ्याने वाचणं मशीनवाल्याचं काम आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

मशीनवर अवलंबून न राहता दोरी लावली. दोन पीव्हीसी पाइप, दोघांवर अगदी सारख्या अंतरावर खाचा, एक गाडीच्या पुढे, एक मागे, आणि खाचांतून मासेमारीची दोरी ताणलेली. पुढच्या दोन्ही हबच्या मध्यापासून दोरीचं अंतर डावी-उजवीकडे सारखं, मागच्या हबांचंही सारखं. पुढच्याचं आणि मागच्याचं एकमेकांशी जुळायची गरज नाही, ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) वेगळा असतो. चाकांखाली दोन-दोन फरशा, मध्ये ग्रीस, म्हणजे टायर मोकळे बसतात. गाडी दोनदा दाबून, थोडी पुढे ढकलून मगच माप. रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून दोरीपर्यंत स्टीलच्या पट्टीने मोजायचं, चाक अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजायचं आणि सरासरी घ्यायची. रिमच वाकडं असेल तर ते यात पकडलं जातं. अर्ध्या मिलिमीटरपर्यंत माप पुन्हा तेच येतं, घरच्यासाठी पुष्कळ.

मागचं उजवं चाक शून्य. डावं ४ मिमी बाहेर. गवंड्याचा ओळंबा लावून कॅम्बर (चाकाचा उभ्या रेषेपासूनचा कल) पाहिला तर उजव्या रिमचा वरचा भाग ५ मिमी आत, डाव्याचा ९.

इथे एक प्रश्न पडला होता. वाकडं चाक एकच, मग दोन्ही टायरांना धार कशी? कारण धावताना मागची दोन चाकं भांडण वाटून घेतात. रिमच्या कडेवर, साधारण ३९० मिमीवर, ४ मिमी म्हणजे जवळपास ०.६ अंश. गाडी त्यातला मधला मार्ग धरते आणि प्रत्येक चाक सुमारे ०.३ अंश तिरकं ओढलं जातं. किलोमीटरमागे ५ मीटर आडवी घसट. डाव्याला जास्तीचा कॅम्बर असल्याने त्याची आतली कड अधिक गेली, एवढाच फरक. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग किंचित डावीकडे धरावं लागायचं, त्याचंही उत्तर यातच मिळालं. पुढची अलाइनमेंट कितीही केली असती तरी ते गेलं नसतं.

सध्या

बीम आणि स्टब ॲक्सलच्या (मागचं चाक ज्यावर फिरतं तो आखूड दांडा) मध्ये घालायची तिरकी शिम, म्हणजे पातळ पाचर, मिळते. मी ती नाकारली. वाकलेला भाग तसाच ठेवून आकडा हिरवा करण्यात मला रस नाही. चार बोल्ट काढून स्टब ॲक्सल खाली घेतला, नव्याशेजारी सपाट काचेवर ठेवला, वाक नुसत्या डोळ्यांना दिसला. कुठल्या खड्ड्यात वाकला ते सांगता यायचं नाही, उमेदवार भरपूर.

नवा बसवल्यावर डावं चाक अर्धा मिमी बाहेर, कॅम्बर ६. स्टिअरिंग मधोमध. बीमचे रबरी बुशही पाहून घेतले, चिरा नाहीत. मागे दोन नवे टायर टाकले. २.४ वाला बाद केला. ड्रायव्हर साइडचा करवती झालेला टायर स्टेपनीला न टाकता मुद्दाम पुढे लावलाय. पुढच्या चाकावर वेगळ्या झिजेने ठोकळ्यांच्या कडा बोथट होतात का, ते बघायचंय. सहाशेचा उंचवटा अजून आहे, पण पूर्वीपेक्षा बराच बुटका.

तीन हजार किलोमीटरनंतर चारही टायरांची आत, मध्य, बाहेर अशी मापं पुन्हा घेणार आहे, दोरीसकट. मागच्या नव्या टायरांचा आज सगळीकडे ७.९ मिमी आकडा आहे. आतल्या आणि बाहेरच्या कडेत अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फरक पडला, तर बीम स्वतःच तपासायला उतरवावा लागेल.