फ्रेम अपडेट: रेलची जागा एकदाची लेव्हल झाली, पण गँट्रीचा बेत बदलला

मंडळी, माझ्या सीएनसी (कॉम्प्युटरने चालणाऱ्या) मशीनच्या फ्रेमवर, सरकत्या भागांच्या रेल जिथे बसणार तिथे सपाटीसाठी ओतलेलं इपॉक्सी (ओतल्यावर घट्ट होणारं रेझिन) बसलं! ग्रॅनाइटच्या स्ट्रेटएजवरून (अचूक सरळ पट्टीवरून) डायल (उंचसखलपणा मोजायचं घड्याळ) फिरवला तर पूर्ण लांबीत काटा २० मायक्रॉनच्या आत, आणि ०.०२ मिमी/मीटरवाली लेव्हल दोन्ही बाजूंवर आडवी टाकली तर बुडबुडा जागचा हलत नाही. बेस तोच आहे, ८०×८०×४ मिमीचा चौकोनी पाईप, वेल्ड केलेला, मागच्या पोस्टमधे फोटो होते.

ज्यांनी विचारलं होतं की स्टीलचा बेस आहे तर रेल सरळ त्यावर का नाही ठोकत, त्यांच्यासाठी. कितीही समोरासमोर टॅक मारा, छोटे छोटे टाके घाला, वेल्ड थंड होताना आकसतं आणि ओढतंच. शिवाय पाईपचा पृष्ठभाग मुळातच मधे किंचित दबलेला असतो, बाजारात "एकदम सरळ माल" म्हणून जो मिळतो त्यात पीळ पण फुकट मिळतो. आणि एचजीआर२० ची (२० मिमी रुंद) रेल ग्राइंड केलेली असली तरी ती बेसला सरळ करत नाही, दर ६० मिमीला एम५ चा बोल्ट आवळला की तीच बेससारखी वाकडी होते, मग ब्लॉक (रेलवर सरकणारा तुकडा) एका जागी जाम आणि पुढे ढिला. मिलिंग करून घ्यावं तर अख्खी फ्रेम मावेल एवढं मशीन पाहिजे, आणि आधी ६००-६५० डिग्रीला स्ट्रेस रिलीव्ह केलेली (तापवून आतला ताण घालवलेली) नसेल तर वरचा थर काढल्यावर ती परत हलू शकते. प्रत्येक बोल्टखाली शिम (पातळ पत्रे) घालत बसायला माझ्याकडे तेवढा संयम नाही.

म्हणून इपॉक्सी. मागच्या पोअरला (ओतलं तेव्हा) कडा चढल्या होत्या ते आठवत असेल, रेझिन ते अडवायला घातलेल्या बांधाच्या भिंतीला धरून वर चढतं आणि काठापासून ५-६ मिमीची पट्टी वाया जाते. या वेळी बांध ६० मिमी रुंद केला, रेल २० चीच, म्हणजे मधला सपाट भाग आरामात मिळतो आणि चढलेली कड नंतर छिन्नीने उडवायची. दोन्ही बाजूंना जोडणारा आडवा पाट मात्र टाळू नका, नाहीतर दोन्ही पोअर आपापले लेव्हल होतात पण उंची वेगळी. आणि पाट खोल ठेवा, ८ मिमी तरी, पातळ थरात रेझिन अर्ध्यावरच रेंगाळतं.

रेझिनबद्दल माझं ठाम मत: टेबलटॉपवाली जाड रेझिन घेऊ नका, ती मधासारखी बसून राहते. कमी व्हिस्कॉसिटीची आणि स्लो हार्डनरवाली घ्या. पंखा बंद, वरून कागदाचं झाकण, बुडबुड्यांवर हीट गन लांबूनच. आणि घाई करून ड्रिल लावू नका, पूर्ण क्युअर होऊ द्या. भोकं इपॉक्सीतून आरपार खाली स्टीलमधे टॅप करायची, आटे इपॉक्सीत नकोत. (गंमत म्हणून हिशोब केला, द्रव पृथ्वीच्या गोलाईनुसार लेव्हल होतो, तर १ मीटरला बाक येतो साधारण ०.०२ मायक्रॉन. चालवून घेऊ.)

"इपॉक्सी मऊ नाही का?" मऊ आहेच, स्टीलचा कडकपणा २१० जीपीए तर याचा ३ च्या आसपास. पण थर ६ मिमीचा, ब्लॉकखाली १५०० चौ. मिमी जागा धरली तर २०० न्यूटनला दबतं पाव मायक्रॉनच्या आसपास. विषय संपला.

आता गँट्री, म्हणजे बेसच्या रेलवरून सरकणारा आडवा पूल. अ‍ॅल्युमिनियम ठरलं होतं, वजनाला एक तृतीयांश, पण त्याच सेक्शनला कडकपणा पण एक तृतीयांशच. तोच वाचलेला वजनाचा भाग उंची वाढवण्यात घातला तर अ‍ॅल्युमिनियम जिंकतं, हे मान्य. माझी अडचण वेगळी आहे, अ‍ॅल्युमिनियम दर डिग्रीला मीटरमागे २३ मायक्रॉन वाढतं, स्टीलची रेल १२. दुपारी १० डिग्री चढली की शंभरावर मायक्रॉनची ओढाताण, आणि रेल एकाच बाजूला म्हणून बीम वाकणार. स्टीलचा १००×१००×५ घेतला तर ९०० मिमी स्पॅनला मधोमध २०० न्यूटन लावून वाक येतो ५ मायक्रॉन. म्हणजे बीम कशाचा यापेक्षा साइड प्लेट, ब्लॉक आणि झेडचे (टूल वर-खाली नेणाऱ्या भागाचे) जोड जास्त हलणार आहेत.

आणि हे लिहिता लिहिताच सुचलं, आधी एक रेल वर आणि एक पुढे लावणार होतो, ते कशाला? दोन्ही पुढच्याच तोंडावर घेतल्या तर गँट्री पाठीवर झोपवून दोन्ही रेलच्या जागा एकाच पोअरमधे, एकाच पातळीत येतात! मग १०० ऐवजी १५०×१०० चा पाईप उभा घ्यायला पाहिजे, रेलमधलं अंतर वाढेल आणि झेडचं डुलणं पण कमी होईल. आत इपॉक्सी ग्रॅनाइट (इपॉक्सीत कालवलेली दगडाची खडी) भरायचं मात्र रद्द, १०० च्या पाईपमधेच १६ किलो वाढत होतं आणि नेमा २३ मोटरला ते ओढायला लावणं जिवावर येतं. भरायचंच तर बेसमधे भरीन, तो कुठे हलतोय, आणि स्टीलचा टणटण आवाज तिथेच जास्त आहे.

पाईप अजून मागवलेला नाही, १५०×१०० ला कोणाचा आक्षेप असेल तर आत्ताच बोला.