वहीतलं शून्य

नोव्हेंबरातला शनिवार होता. कर्नाटकातल्या आमच्या खानापूर तालुक्यात या दिवसांत भाताच्या मळण्या चालू असतात. मोठी पोरं खळ्यावर, धाकटी त्यांच्या मागं, त्यामुळं वर्ग निम्मे रिकामे. शनिवारची शाळा सकाळची. मुलं सुटली, बिसी ऊटच्या, म्हणजे शाळेतल्या गरम जेवणाच्या, मावशी भांडी पालथी घालून गेल्या आणि मी कपाटाला कुलूप लावणार तोच धाकट्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात एक वही होती आणि डोळे रडून लाल झालेले.

आमची सरकारी मराठी प्राथमिक शाळा. मी इथं 2006 पासून आहे, सध्या प्रभारी मुख्याध्यापिका. मुलं मला थोरल्या बाई म्हणतात, म्हणून त्या धाकट्या बाई. माहेर महाराष्ट्रातलं, चंदगडकडचं, डीएड तिकडंच झालेलं, लग्न होऊन जांबोटीकडच्या एका गावात आलेल्या. जुलैपासून आमच्याकडं अतिथी शिक्षिका आहेत. मुलांसमोर मी त्यांना बाई म्हणते. एरवी वयानं ती माझ्या लेकीसारखी, म्हणून पुढं तसंच लिहिते.

"बाई, मी डिसेंबरात सोडते. तुम्ही दुसरं कुणीतरी बघा."

मी म्हटलं, "आधी बस की."

बसली, पण बोलेना. मग एकदम सगळं आलं. पहिली ते चौथी एकत्र सांभाळायची. चार वर्ग, दोन फळे, एकटी बाई. नेमणूक शैक्षणिक वर्ष संपेपर्यंतची. जूनमध्ये पुन्हा इथंच घेतील याचा भरवसा नाही. महाराष्ट्रातली टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, एकदा दिली, 90 हवे होते, 84 पडले. आता पुन्हा तिकडची द्यायची की कर्नाटकची, काही कळत नाही. आलेली परिपत्रकं कन्नडमध्ये, ती दुसऱ्याकडून वाचून घ्यायची लाज वाटते. आणि वर हे, म्हणून तिनं वही माझ्यापुढं सरकवली. "पाच महिने झाले. एवढा एक पोरगा मला लिहिता करता येईना. मग मी शिक्षिका कसली?"

वही चौथीतल्या एका मुलाची होती. त्याचं नाव लिहीत नाही, पण त्या नावात अनुस्वार आहे, आणि तो वहीवर नीट वाचता येत नव्हता. जिथं अक्षराच्या डोक्यावर टिंब हवं, तिथं अक्षराच्या पुढं भलंमोठं शून्य. आत उघडलं तर पानोपानी तेच. आ०बा. प०खा. घ०टा. प्रत्येक शून्याला लाल गोल, आणि समासात तिच्या अक्षरात लिहिलेलं: मध्ये शून्य का घालतोस? एके ठिकाणी तेच वाक्य दहा वेळा लिहायला लावलेलं. पोरानं दहा वेळा लिहिलेलं, आणि त्यातही अनुस्वार येईल तिथं शून्यच.

जोडाक्षरं तर आणखी निराळी. 'रस्ता' लिहिताना र, मग पूर्ण स, आणि त्या सच्या पायाशी बारीक त लोंबकळत ठेवलेला. 'पक्का'मध्ये क-च्या पोटाखाली दुसरा क. ती म्हणाली, "ओळीत जागा असून खाली लिहितो. मला वाटलं, नजरेत काही दोष आहे. त्याच्या आईला म्हटलं, डोळे तपासून आणा."

"आणले?"

"आणले. डोळे चांगले आहेत म्हणे." आणि तिनं मान खाली घातली. "वर्गात नीट वागतही नाही. पहिल्या दिवशी मला काय म्हणाला माहीत आहे? अक्कोर! सगळा वर्ग हसला. मी उभा केला त्याला."

तो शब्द ऐकला आणि मी उठून कपाट उघडलं. दाखल्यांची फाईल काढली. जूनमध्ये त्याचं नाव मीच पटावर चढवलं होतं. टीसी कन्नडमध्ये. पहिली ते तिसरी बैलहोंगल तालुक्यातल्या कन्नड शाळेत झालेली, आजोळी राहून. यंदा बाप गावी परतला म्हणून पोरगा आमच्याकडं आला. घरात मराठी बोलतात, वर्गात मराठी बोलतो, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नाही. मी सहावी-सातवीला गणित शिकवते, त्याची वही कधी माझ्या हाती आली नाही. आणि जुलैत ती रुजू झाली तेव्हा हे तिला सांगायचं काम माझं होतं. ते माझ्याकडून राहिलं. पाच महिने तो कागद माझ्या कपाटात होता.

तिकडं, म्हणजे बैलहोंगल, सौंदत्ती, गोकाक भागात, मुलं बाईंना अक्कोर म्हणतात. आपण बाई म्हणतो तसं. त्या लेकरानं पहिल्या दिवशी तिला मानानं हाक मारली होती.

मी तिला म्हटलं, चल. आमच्या मैदानाच्या पलीकडं, फणसाच्या झाडाआड, कन्नड शाळा आहे. आवार एक, फाटक एक, पाण्याची टाकीही एकच. तिथले मास्तर तीस वर्षांहून जास्त नोकरी केलेले, शनिवारी उशिरापर्यंत बसतात. रोज नमस्कार होतो, स्वातंत्र्यदिनाला झेंडा एकत्र लावतो. पण शिकवण्यातली अडचण घेऊन मी त्या दारात एकोणीस वर्षांत कधी गेले नव्हते. एक नोव्हेंबर नुकताच होऊन गेला होता. 1956 साली त्याच तारखेला आमचा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, त्यामुळं त्या दिवशी एका घरी काळा दिन आणि शेजारच्या घरी राज्योत्सव. शाळेच्या आवारात आम्ही त्यावर बोलत नाही, आणि तेच बरं. पण त्या न बोलण्यात वहीतल्या अक्षरांबद्दलही बोलायचं राहून गेलं, याचं मला फार वाईट वाटतं.

मास्तरांनी वही हातात घेतली, चष्मा वर केला, आणि पहिल्याच पानावर बोट ठेवलं.

"इदु सोन्ने री, अक्कोर."

सोन्ने म्हणजे शून्य, आणि कन्नडमध्ये अनुस्वारालाही सोन्नेच म्हणतात. तो डोक्यावर टिंब म्हणून बसत नाही. अक्षराच्या पुढं, ओळीतच, अख्खा गोल म्हणून बसतो. पोरगा अनुस्वार बरोबर ओळखत होता, बरोबर जागी देत होता, फक्त शिकलेल्या लिपीतला देत होता. मग मास्तरांनी 'रस्ता' दाखवला. आपण मराठीत पहिलं व्यंजन अर्धं करतो आणि दुसरं पूर्ण लिहितो. कन्नडमध्ये पहिलं पूर्ण राहतं आणि दुसरं त्याच्या खाली, ओत्तक्षर म्हणून. म्हणून सच्या पायाशी त. 'सूर्य' या शब्दात य लिहून त्याच्या पुढं कन्नड नऊसारखी आकडी काढली होती. तो त्यांचा रफार, अर्कावत्तू. तोही डोक्यावर जात नाही, अक्षराच्या मागून येतो.

मग मास्तर म्हणाले, शिरोरेषा बघा. मी बघितली. पोरानं शब्दावरून सलग रेघ ओढलीच नव्हती. प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर वेगळी, छोटी, थोडी तिरकी रेघ. कन्नड अक्षराला असते तशी, तलकट्टू. चार महिन्यांच्या पानांत एकही अक्षर त्या रेघेशिवाय नव्हतं. इतक्या काळजीनं लिहिणारं मूल माझ्या वर्गात गेल्या दहा वर्षांत आलं नसेल.

धाकट्या बाईंनी तोंडावर पदर धरला. मास्तरांनी तिच्याकडं न बघता आपल्या कपाटातून दोन वह्या काढल्या. सहावीच्या, हिंदीच्या. कन्नड शाळेत हिंदी सहावीपासून सुरू होते. त्यांची मुलं पहिल्यांदा देवनागरीला हात घालतात ती तेव्हा. 'मै' लिहून पुढं शून्य. 'नही' लिहून पुढं शून्य. अक्षराअक्षरावर सुटी रेघ. "दरवर्षी असंच," ते त्यांच्या मराठीत म्हणाले. "मी दिवाळीपर्यंत लाल पेन लावत नाही. दोन्ही शेजारी शेजारी लिहून देतो. हे तुझं, हे ह्यांचं. पोरं आपणच बदलतात."

तिथंच त्यांनी एक कोरा कागद घेतला, मधे रेघ मारली, आणि डाव्या बाजूला कन्नड, उजव्या बाजूला मी सांगेन तसं मराठी असं लिहायला लागले. अनुस्वाराचे शब्द, त्तची, क्कची, स्तची जोडाक्षरं, रफाराचे शब्द. तासभर गेला. धाकट्या बाई आधी नुसत्या बघत होत्या, मग स्वतः शब्द सुचवायला लागल्या, मग तिनं पेनच घेतलं. कन्नड अक्षरं तिला जड जातात. ती मास्तरांनी हळूहळू गिरवून घेतली. मला वाटतं, परिपत्रकं दुसऱ्याकडून वाचून घ्यायची तिची लाज त्या बाकावरच कमी व्हायला लागली.

डीएडला आम्ही अध्ययनाचं संक्रमण पाठ केलं होतं. आधी शिकलेलं नव्या शिकण्याला मदत करतं ते धन, आड येतं ते ऋण. परीक्षेत मी उदाहरणासकट लिहून मार्क मिळवले होते. समोर जिवंत उदाहरण पाच महिने बाकावर बसलेलं असताना मला ओळखू आलं नाही.

निघताना नोकरीचं निघालं. मी तिला म्हटलं, कर्नाटकची टीईटी दे. पहिली भाषा मराठी घेता येते. पहिला पेपर पहिली ते पाचवीचा, 150 प्रश्न, 150 मिनिटं, चुकीला मार्क कापत नाहीत. महाराष्ट्रातलीही देऊन ठेव, प्रमाणपत्र आता तहहयात चालतं, आधीसारखं सात वर्षांनी बाद होत नाही. फक्त सासर इकडं आहे, संसार इकडं आहे, तर इकडच्या पेपरला जोर लाव. आणि कन्नड सोडू नकोस. मास्तरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. तिच्या सासरच्या वाटेवर एक मराठी शाळा आहे, तिथल्या एक बाई मे महिन्यात निवृत्त होतात. कुठली जागा कधी रिकामी होणार, हे कागदावर यायच्या कितीतरी आधी शिक्षकांना ठाऊक असतं. कुणाची बदली, कुणाचं बाळंतपण, कुणाची पेन्शन. सांगणारं माणूस भेटलं तर नवख्याला उंबरा दिसतो, नाही तर तो जूनभर तालुक्याला खेटे घालतो. "मे महिन्यातच त्यांच्या मुख्याध्यापकांना भेटून या, डीएडचे मार्कलिस्ट घेऊन," मास्तर म्हणाले. तिनं त्या कागदाच्या पाठीमागं शाळेचं नाव लिहून घेतलं.

मग मला माझं विचारायचं धाडस झालं. 1 सप्टेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी लागणार, ज्यांची नोकरी पाच वर्षांहून जास्त उरली आहे त्यांनी दोन वर्षांत उत्तीर्ण व्हायचं. माझी बरीच उरली आहे. मास्तरांची साडेतीन वर्षं, त्यामुळं बढतीची आशा नसेल तर त्यांना ती चिंता नाही. निकाल वाचल्यापासून मला रात्री झोप नीट येत नव्हती, आणि घरी सोडून कुणाजवळ मी हे बोलले नव्हते. एकोणीस वर्षं मुलांना शिकवून आता परीक्षेला बसायचं, आणि बालमानसशास्त्राचं पुस्तक शेवटचं उघडलं ते डीएडला.

मी तिला विचारलं, "तुझी टीईटीची पुस्तकं आहेत?"

ती क्षणभर बघतच राहिली. "आहेत की, बाई. खुणा करून ठेवल्यात. सोमवारी आणते."

सोमवारी आणली. चार पुस्तकं, पिशवीत नीट बांधून, आणि वर तिच्या हातच्या नोंदींची वही. त्याच सकाळी तिनं त्या पोराला जवळ बसवून दोन रकान्यांचा कागद पुढं ठेवला. त्यानं डावीकडचं बघितलं, उजवीकडचं बघितलं, आणि म्हणाला, "बाई, इकडं सोन्ने वर उडी मारतंय." ती त्याला म्हणाली, "मला अक्कोर म्हटलंस तरी चालतंय." तो लाजला. मागच्या बाकावरची पोरं या वेळी हसली नाहीत. त्यांना डावीकडची अक्षरं वाचून दाखवायला तिनं त्यालाच उभं केलं.

ती वही आता माझ्या टेबलावर असते. मधूनमधून अजून एखादा गोल पुढं येतो. गेल्या आठवड्यातल्या पानावर बारा शब्दांत एकच होता, 'डोंगर'मधला, आणि तो त्यानं स्वतःच खोडून वर टिंब दिलं होतं.

बुधवारी आणि शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही दोघी बसतो. ती मला बालविकास शिकवते, मी तिला गणित. मास्तर शनिवारी येऊन तिला एक जुनं परिपत्रक वाचायला देतात, अडलं की सांगतात. परवा तिनं वेळ लावून माझा पहिला सराव पेपर घेतला. 150 पैकी 83. तिनं लाल पेन वापरलं नाही, पेन्सिलीनं खुणा केल्या, आणि कोपऱ्यात लिहिलं, पुढच्या बुधवारी पुन्हा.